माझी तलफ आणि गावाची हनुवटी

मी अफू सोडली तेव्हा सगळ्यात जास्त हाल माझे झाले असं तुम्हाला वाटेल, पण गावाला विचाराल तर ते पाटलांच्या हनुवटीचे झाले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळं गाव "आम्हीच ह्याची अफू सोडवली" म्हणत फिरलं आणि ते ऐकून माझे कान किटले.

मी जातीनं आणि धंद्यानं न्हावी. चौथीपर्यंत शिकलो म्हणून हे लिहिता येतं. जऊळक्याच्या ठेसनापासून दीड कोसावर आमचं गाव. सकाळच्या गाडीची शिट्टी ऐकू आली की मी मारुतीच्या पारावर धोकटी उघडायचो. वस्तरा, वाटी, नखं काढायची नराणी आणि वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा, एवढा माझा संसार त्या धोकटीत. गावातला प्रत्येक शहाणा माणूस मी तोंडाला फेस लावून माझ्यापुढे बसलेला पाहिला आहे. त्यामुळे मला शहाण्या माणसांची भीती कधी वाटली नाही. त्यांच्या सल्ल्यांची मात्र वाटते.

अफूची सुरुवात कमरेपासून झाली. दिवसभर उकिडवं बसून कंबर धरायची. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी हातावर ठेवली आणि म्हणाला, "घे, कंबर हाये का नाई थेच समजत नाई." खरंच समजेनाशी झाली. अफू त्या काळी चोरून आणावी लागत नव्हती. बाजाराच्या गावी सरकारी ठेक्याचं दुकान होतं आणि तिथे भलेभले लोक रांगेत दिसायचे. माझा ज्वारीचा दाणा दोन वर्षांत तुरीएवढा झाला. गंमत अशी की हात अगदी स्थिर झाला. लोक म्हणायचे, "काय हात हाये बावा, मानसाले झोप लागते!" झोप खरं तर मला लागलेली असायची, त्यांना ती माझ्याकडून लागायची.

मग चैत्रात ते घडलं. बायको नदीवर वाकळा धुवायला गेली होती आणि चार महिन्यांची मुलगी माझ्यापाशी होती. ती रडत होती. पोट दुखत असेल, दुसरं काही असेल, लहान मूल रडतंच. मी डोळे अर्धे मिटून बसलेला, मला ते रडणं सोसेना. मोहरीएवढी अफू बोटावर घेतली आणि तिला चाटवली. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तेव्हा लेकरांना अशीच अफू देऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, निजवायच्या, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मुलगी निजली. मीही निजलो.

दुपारी बायको आली आणि मुलीला पाजायला घेतलं, तर ती उठेना. गाल हलवला, पाणी शिंपडलं, तळवे चोळले, मान नुसती इकडून तिकडे लुढकत होती.

"काय देलं तिले?" बायकोनं विचारलं.

"काई नाई."

"खरं सांगा."

"देवाशपथ, काई नाई देलं."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, धंद्यातच ते येतं. टकल्या माणसाला केस दाट झाले म्हणून सांगणं हे आमचं रोजचं काम. पण ते एक "काई नाई" मला अजून टोचतं. कारण त्या वेळी खरं कळलं असतं तर तिला निदान काय करायचं ते कळलं असतं. बायकोनं मुलीच्या तोंडाचा वास घेतला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती मुलीला खांद्यावर टाकून अंगणात चालत राहिली, थोपटत, हाका मारत, ऊन उतरेपर्यंत. दिवेलागणीला मुलगी रडली. इतकं गोड रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको मुलीला घेऊन इंझोरीला माहेरी निघाली. गाडीत बसताना म्हणाली, "वर्षाच्या आत जावळ काढाव लागते. बापाच्याच हातानं निघालं तं मले आवडीन. पन त्या हातात अफू नसली पायजे आन तोंडात खोटं नसलं पायजे. नाई तं माहा भाऊ दुसरा न्हावी पाहीन."

आता ह्यातली मेख बाहेरच्या माणसाला कळायची नाही. जावळाच्या वेळी लेकरू मामाच्या मांडीवर बसतं. माझा मेव्हणाही न्हावीच, पण मांडी त्याची लागणार, म्हणून त्याचा हात अडकलेला. वस्तरा माझ्याच हातात यायला हवा. न्हाव्याच्या मुलीचं जावळ काढायला परका न्हावी बोलावला, तर आमच्या जातीत त्याच्याइतकी नामुष्की नाही. आणि नामुष्की राहू द्या, मला माझी मुलगी परत हवी होती.

गावाला ही बातमी कळायला वेळ लागला नाही. मी वस्तरा धरला की लोक माझ्याशी बोलतात, एरवी माझ्याविषयी बोलतात. पाटलांनी मला मारुतीपुढे उभं केलं, हातावर बेलभंडार ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. शाळामास्तरांनी व्यसनावर भाषण दिलं. मधे तीनदा थांबून त्यांनी तपकीर ओढली, ती भाषणाचा भाग समजून आम्ही गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी माझं अंग फिरलं. जांभयांवर जांभया, नाकाला धार, पोटऱ्यांत कोणी पिळे देतंय अशी ओढ, आणि टमरेल घेऊन शेताकडे फेऱ्या. चौथ्या दिवशी पाटील हजामतीला बसले. मी वस्तरा गालाला लावला आणि तो हनुवटीपर्यंत नाचतच गेला. दोन ठिकाणी रक्त आलं. पाटलांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अबे, जराशी घेऊन ये ना. मी कोनाले सांगत नाई."

"पाटील, तुमीच तं बेलभंडार उचलाले लावला."

"थो देवापुढं होता. आता वस्तरा माह्या गळ्यापुढं हाये."

पाटील एकटेच नव्हते. ज्यानं त्यानं मला उपदेश केला तो दाढी वाढलेली असताना, आणि दाढी करायची वेळ आली की तो उपदेश मागे घेतला. गावाचा एकंदर ठराव असा झाला, की न्हाव्यानं अफू जरूर सोडावी, फक्त हजामतीच्या दिवशी सोडू नये. हजामत रोजच असायची. पाचव्या दिवशी गावाच्या गळ्यासाठी म्हणून मी पुन्हा तुरीएवढी खाल्ली, आणि सगळ्यांच्या हनुवट्या सुखरूप राहिल्या.

मग वैद्यबुवांचा प्रवेश झाला. त्यांच्याकडे अफू सोडवायची खास गोळी होती, काळी, कडू, दिवसातून तीन वेळा. काय सांगू! दोन दिवसांत पोटऱ्या थांबल्या, नाक कोरडं झालं, हात पहिल्यासारखा. मी वैद्यबुवांच्या पाया पडलो. अफूच्या दुकानाकडे मी फिरकतही नव्हतो. पोळ्यापर्यंत माझा हा थाट चालला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे दारात खोवलेल्या पळसाच्या डहाळ्या उपटून शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि सगळे ओरडतात, "खोकला खासी घेऊन जा गे मारबत!" रोगराई, ढेकूण, पिकावरचा मोवा, जे जे नको ते मारबतीबरोबर जातं. त्या वर्षी पाटलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून आरोळी दिली, "न्हाव्याची अफू घेऊन जा गे मारबत!" अख्ख्या गावानं ती उचलली. शिवेवर डहाळ्या पडल्या, लोकांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला, आणि मीही सगळ्यांबरोबर ओरडलो. इंझोरीला जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर निरोपही गेला की अफू गेली, जावळाची तयारी करा.

दिवाळीला दीडेक महिना असताना गाद्या पिंजायला पिंजारी चाचा आला. तो मूळचा केनवडकडचा मुसलमान म्हातारा, दर वर्षी गावात मुक्काम टाकायचा. हजामतीला बसला असताना मी वैद्यबुवांची गोळी तोंडात टाकली. चाचानं डबी मागितली, एक गोळी जिभेच्या टोकाला लावली आणि इतका हसला की फेस माझ्या अंगावर उडाला.

"भाई, ये तो वोही है! नुसता गूळ न् सुंठ लावली तिले. मी वीस वर्षं खाल्ली, मले सांगू नको."

मी तडक वैद्यबुवांकडे गेलो. त्यांना काडीचीही लाज वाटली नाही. म्हणाले, "अफूबिगर अफू कशी सुटीन? तुले दुकानाची सवय होती, थे सुटली का नाई?"

खरं सांगतो, मला फारसा राग आला नाही. मी विचार केला, कोणाला कळणार आहे? गावानं माझी अफू वाजतगाजत शिवेबाहेर टाकली. हात स्थिर आहे. गोळी जिभेखाली ठेवायची, इंझोरीला जायचं, जावळ काढायचं आणि बायकोमुलीला घेऊन यायचं. सगळे खूश. मी हा बेत चाचाला सांगितला. तो पिंजणीची आतड्याची तात चाचपत होता. त्यानं एवढंच विचारलं, "बेटी रडली, तं मंग तिले काय देशीन?"

मला त्याच्यासमोर रडू आलं. मी चांगला ओक्साबोक्शी रडलो, आणि म्हाताऱ्यानं मला रडू दिलं, भाषण केलं नाही. गावात असा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

चाचाचा उपाय ऐकून माझी निराशा झाली, कारण त्यात चमत्कार काहीच नव्हता. एकदम सोडायची नाही म्हणाला, अंग बंड करतं. दर आठ दिवसांनी दाणा लहान करायचा. तुरीवरून ज्वारी, ज्वारीवरून तीळ, तिळावरून मोहरी, मोहरीवरून खसखस. म्हणजे अफू ज्या झाडाची, त्याच झाडाच्या दाण्यावर येऊन थांबायचं. आणि मधे तलफ आली की तिच्याशी भांडायचं नाही.

"तलफ मेहमान हाये भाई. येते, बसते, कटाळते, जाते. तू तिले फक्त जेवू घालू नको. आन कोनी पुसलं तं लपवू नको का घरात पावनी हाये म्हून."

आली की पहिल्यांदा ती अंगात कुठे बसली आहे ते शोधायचं. जबड्यात? पोटऱ्यांत? मग हाताला काम द्यायचं. चाचा पिंजण वाजवायचा, मी पट्ट्यावर वस्तरा परजायचो. एका टोकाला पायाचा अंगठा, दुसऱ्या टोकाला डावा हात, आणि वस्तरा खालीवर. बहुतेक वेळा वस्तरा केसाला लावण्याजोगा व्हायच्या आधीच पाहुणी उठून गेलेली असायची. गावात त्या दिवसांत माझ्या वस्तऱ्याइतकी धारदार वस्तू दुसरी नव्हती.

हात बसवण्यासाठी मी भोपळे घेतले. कोवळ्या दुधी भोपळ्यावर बारीक लव असते. त्याला फेस लावायचा आणि साल न खरवडता लव तेवढी काढायची. लोक कुंपणावरून बघायचे. "न्हावी पागल झाला, भोपयाची दाढी करून राह्यला!" मला भोपळे फार आवडू लागले. ते हलत नाहीत, आणि मी काय करावं हे मला सांगत नाहीत.

सगळ्यात अवघड होतं ते तोंडानं सांगणं. पहिल्या दिवशी पाटील बसले आणि मी म्हणालो, "पाटील, आज तलफ आली हाये. हात बरोबर नाई. नखं काढून देतो, दाढी उद्या."

पाटील खवळले. "काहून आली? सारं गाव मिळून हाकलली ना तिले?"

"हाकलली. पन तिले वाट माईत हाये."

ह्यात मारबतीचा अपमान झाला असं गावाचं मत पडलं. आठवडाभर माझ्याशी कोणी नीट बोलेना. मात्र दाढी कोणाला स्वतःची करता येत नव्हती. हळूहळू लोक पारावर येऊन आधी विचारू लागले, "काय रे, आज पावनी आली का गेली?" 'गेली' म्हटलं की बसायचे, 'आली' म्हटलं की नखं काढून घेऊन जायचे. त्या दोन महिन्यांत आमच्या गावाइतकी नीट नखं वऱ्हाडात कुठे नसतील. पाटील एकदा मधेच पाहुणी आल्यामुळे अर्धी दाढी घेऊन कचेरीत जाऊन आले, पण 'जराशी घेऊन ये' असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. एके सकाळी तर मास्तर हळूच म्हणाले, "मले बी आली हाये. तपकिरीची." मी त्यांच्या हातात एक भोपळा दिला.

मी मधे एकदा पडलो, तेही सांगतो. दिवाळी झाल्यावर बाजारच्या दिवशी दुकानावरून जाताना पाय थांबले आणि चांगली ज्वारीएवढी खाऊन आलो. चाचा तेव्हा गाव सोडायच्या तयारीत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो. मला वाटलं आता हा शिव्या देणार. तो म्हणाला, "काल खाल्ली, आज सांगितली. चाल, भोपया घे."

मार्गशीर्षात खसखसही बंद झाली. पंधरा दिवस कोरडे गेले आणि मी इंझोरीला पोचलो.

सासऱ्यांच्या अंगणात पाट मांडला होता. मेव्हणा मुलीला मांडीवर घेऊन बसला होता आणि त्यानं स्वतःचा वस्तराही लख्ख करून शेजारी ठेवला होता, माझ्यावरचा विश्वास दाखवायला. जोशीबुवा मुहूर्ताची घाई करत होते. बायको दारात उभी होती. सकाळपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मुलीनं मला ओळखलं नाही. ती माझ्या वाटीकडे बघत होती.

मी तिचे केस भिजवले. बोटाखाली टाळू लागली. ती अजून भरली नव्हती, मऊ होती, आणि त्या मऊ जागी तिची नाडी उडताना हाताला कळत होती. त्याच क्षणी पोटऱ्यांत पिळा पडला. मग जबड्यात, मग बोटांत. एक दाणा, फक्त एक दाणा, आणि हात दगडासारखा होईल, असं कोणीतरी माझ्याच आवाजात मला सांगत होतं. वस्तऱ्याचं पातं हलताना सगळ्यांना दिसलं.

"काय झालं दाजी?" मेव्हण्यानं विचारलं.

'काई नाई' हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. ते तिथे नेहमीच तयार असायचे. मी बायकोकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणालो, "तलफ आली हाये. पोटऱ्यात हाये, बोटात हाये. हात कापते. मले थांबा लागते."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मेव्हण्यानं हात पुढे केला. "पोरगी मायजवळ द्या, मी काढतो. मुहूर्त जाऊन राह्यला."

"बसून राय दादा, मांडी हलवू नको," बायको म्हणाली. मग जोशीबुवांकडे वळून म्हणाली, "मुहूर्त जात असन तं जाऊ द्या. आमी थांबतो."

मी धोकटीतून पट्टा काढला आणि अंगठ्यात अडकवायला वाकलो, पण पायही कापत होता, अंगठ्यात तो राहीना. बायको दारातून आली, माझ्यासमोर खाली बसली, पट्ट्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ताणलं. मी वस्तरा परजू लागलो. वर, खाली. ती माझ्या हाताकडे बघत होती. जोशीबुवांनी पंचांग मिटलं. मेव्हण्याच्या मांडीला मुंग्या आल्या असाव्यात, पण तो बिचारा हलला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. आधी बोटं सैल झाली, मग जबडा, सगळ्यात शेवटी पोटऱ्या.

"गेली," मी म्हणालो.

"काढा मंग," बायको म्हणाली आणि तिनं पट्टा सोडला.

मी जावळ काढलं. टाळूवरून वस्तरा गेला तो भोपळ्याच्या लवेवरून जावा तसा. झाल्यावर बायकोनं त्या गुळगुळीत डोक्यावरून तळहात फिरवला आणि उलटा करून पाहिला. तळहाताला पाणी लागलं होतं, दुसरं काही नाही.

तिनं मुलगी उचलली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. रडून दमलेली होती ती, दोन उचक्या दिल्या आणि माझ्या बोटाला धरून निजून गेली. गाढ. मी तिच्याकडे पाहत राहिलो. आजूबाजूला लोक गूळ-खोबरं वाटत होते, कोणीतरी माझ्या हातावरही ठेवलं. मला ते खाववेना. ती फारच शांत निजली होती. मी तिचा गाल हलवला. तिनं डोळे उघडले नाहीत. मी तळव्याला गुदगुल्या केल्या, मग जरा जोरात चिमटा काढला, आणि तिनं टाहो फोडला.

बायको धावत आली. "अवो, निजलेल्या पोरीले काहून उठवलं?"

"उठते का नाई, थे पाह्यलं," मी म्हणालो.

तिनं पदरानं आधी मुलीचे डोळे पुसले, नंतर स्वतःचे.

"उठली ना," ती म्हणाली. "आता निजवा तुमीच."